जोहान्सबर्गमधली आर्म्ड रिस्पॉन्स सर्व्हिस: पैसे वसूल होतात का?

इकडे नवीन बदली होऊन येणारे सगळे एकच विचारतात, ताई सिक्युरिटी कंपनी कुठली घेऊ? प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. कंपनीचं नाव मात्र लिहिणार नाही, कारण त्याचा उपयोग नाही. एकच कंपनी रँडबर्गमध्ये झकास असते आणि पलीकडच्या एरियात तिचीच गाडी अर्ध्या तासाने येते, सगळं त्या एरियाच्या ब्रँचवर आणि रात्रपाळीच्या गाड्यांवर असतं.

आधी ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी. आर्म्ड रिस्पॉन्स म्हणजे वॉचमन नाही. घराला अलार्म, बागेत बीम्स (आडवे किरण, कोणी मधून गेलं की वाजतं), कंपाउंडवर इलेक्ट्रिक फेन्स, आणि हातात एक पॅनिक बटण. यातलं काहीही वाजलं की कंपनीच्या कंट्रोल रूमला सिग्नल जातो, तिथून फोन येतो, आणि जवळची गाडी पिस्तूलवाला माणूस घेऊन निघते. याचे आम्ही महिन्याला साधारण सहाशे रँड भरतो, उपकरणं आणि बसवायचा खर्च वेगळा. कॉम्प्लेक्समध्ये राहणाऱ्यांचं हे लेव्हीमध्ये (म्हणजे सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये) येतं, आमचं सुटं घर आहे म्हणून आमचं आम्हालाच बघावं लागतं.

आता कोणी म्हणेल पोलीस कशाला आहेत मग? आहेत ना, 10111 लावून बघा आणि म्युझिक ऐकत बसा. या देशात 2023-24 या वर्षात 27 हजारांच्या वर खून झालेत, म्हणजे रोजचे 75 धरा, आणि माणसं घरात असताना हत्यारं घेऊन घुसायचे प्रकार वर्षाला 20 हजारांच्या वर. खाजगी सिक्युरिटीत काम करणारे रजिस्टर्ड गार्ड साडेपाच लाखांच्या वर आहेत आणि पोलीस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पण नाहीत. यावरूनच काय ते समजा. पोलीस येतात, पण ते रिपोर्ट लिहायला येतात, कारण केस नंबर मिळाल्याशिवाय इन्शुरन्सवाला पुढे बोलतच नाही.

आमचा अनुभव. पहिले काही महिने तर अलार्म नुसता पालींसाठीच वाजायचा. खरंच सांगते, सेन्सरच्या डब्यात पाल जाऊन बसते, ऊब असते ना तिथे, आणि रात्री दोनला सायरन. लगेच फोन, पलीकडची बाई अगदी थंड आवाजात विचारते, पासवर्ड प्लीज. इथे एक महत्त्वाचं, दोन पासवर्ड असतात, एक खरा आणि एक असा की तुमच्या डोक्याला बंदूक लावून कोणी फोन उचलायला लावला तर तो सांगायचा, मग ती बाई "ओके मॅम, थँक यू" म्हणून फोन ठेवते आणि गाड्या पाठवते. हा दुसरा शब्द घरात सगळ्यांना पाठ पाहिजे, मुलांना आणि मावशींना पण. आमच्या ओळखीत निम्म्या लोकांनी तो सेटच केलेला नाही, फॉर्मवरचा तो रकाना रिकामाच ठेवतात.

कोणी नसताना वाजलं तर माणूस येऊन बाहेरून फिरून जातो आणि गेटला चिठ्ठी अडकवून जातो, अमुक वाजता आलो, दारं-खिडक्या नीट दिसल्या. आता "नीट दिसल्या" म्हणजे रस्त्यावरून जेवढं दिसतं तेवढं. गेटला कुलूप असेल तर तो आत शिरत नाही, त्यामुळे मागची खिडकी उघडी पडलेली असली तरी चिठ्ठीवर सगळं ऑल राइट. यासाठी गेटची चावी ठेवायला कुलपाची पेटी लावून घ्या आणि तिची किल्ली कंपनीकडे द्या, आम्ही हे उशिरा केलं.

एकदा खरंच दोघं जण मागच्या भिंतीवरून उतरले. बीम वाजला, मी खिडकीतून बघितलं तर एक जण पाण्याच्या टाकीआड वाकलेला, हातात पहार, आणि दुसरा भिंतीवर अजून बसलेलाच. मी बटण दाबलं ते सोडलंच नाही. सहा-सात मिनिटांत गाडी आली, बुलेटप्रूफ जॅकेटवाला एक जण पुढून आणि एक मागच्या गल्लीतून, टॉर्चचा झोत सगळ्या बागेवर, तोवर ते दोघं पसार झाले होते. पोलीस तासाभराने आले, फॉर्म भरला आणि गेले. तर हे सहा-सात मिनिटं, हेच तुम्ही विकत घेता, दुसरं काही नाही. ते कोणाला पकडत नाहीत, चोरी थांबवायची गॅरंटी देत नाहीत, करारात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. पण त्या वेळी कोणीतरी *येतंय* हे माहीत असणं याला मी पाचपैकी पाच देईन.

मग एकूण साडेतीनच का, दीड स्टार कापला कशाला? बॅटरीसाठी. 2022-23 मध्ये लोडशेडिंगने नुसता वैताग आणला होता, दिवसातून कितीदा लाइट जायची. अलार्मच्या बॅटरीला चार्ज व्हायला वेळच मिळायचा नाही, ती मेली. कंट्रोल रूमला "बॅटरी लो" चा सिग्नल जात होता, त्यांच्या सिस्टिमवर दिसत होता, पण आम्हाला एक फोन नाही की मेसेज नाही. टेक्निशियन आला तेव्हा त्यानेच आम्हाला लॉग दाखवला, आणि वर व्हिजिटचे पैसे पण लावले. भांडून ते परत घेतले पण तोवर घर किती रात्री नुसत्या देवाच्या भरवशावर होतं कोण जाणे. आणि चोरांना हे सगळं माहीत असतं बरं का, लाइट गेली की त्यांची ड्युटी सुरू. रिमोटचे सिग्नल जाम करणारी यंत्रं पण असतात त्यांच्याकडे, तुम्ही मॉलमध्ये गाडी लॉक केली असं समजता आणि ती लॉक झालेलीच नसते.

आता दुसरा विषय, जो ब्रोशरमध्ये नसतो. साधी गुन्हेगारी वेगळी आणि दहशतवाद, दंगल वेगळं. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन एम्बसीने अलर्ट काढला होता की 29 तारखेला सँडटन या इथल्या बिझनेस एरियाच्या आसपास अतिरेकी हल्ला होऊ शकतो. आमच्या सगळ्या ऑफिसात घबराट, इथलं सरकार चिडलं की आम्हाला न सांगता जाहीर कसं केलं, आणि शेवटी काही झालं नाही. पण त्या दिवशी मी कंट्रोल रूमला फोन करून सरळ विचारलं की असं काही झालं तर तुम्ही काय करणार. तिथली बाई म्हणाली, मॅम, तुम्ही घरातच थांबा. झालं! प्रामाणिक उत्तर आहे हो, पण त्यावरून कळलं की आपल्या सहाशे रँडची हद्द कुठे संपते.

इन्शुरन्सचं पण तेच. साधी पॉलिसी चोरी-दरोड्याला आहे, दंगल आणि दहशतवादाचं नुकसान त्यात बसत नाही, त्याला सॅस्रिया नावाची सरकारी कंपनी आहे आणि तिचा हप्ता पॉलिसीत वेगळी छोटी ओळ म्हणून येतो. ती ओळ आहे का नक्की बघा, थोड्याशा पैशांसाठी ती काढू नका. जुलै 2021 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष झुमांना तुरुंगात टाकल्यावर क्वाझुलू-नताल आणि गौतेंग (म्हणजे आमच्या) प्रांतात जी लुटालूट झाली त्यात साडेतीनशेच्या वर माणसं गेली आणि सॅस्रियाकडे तीस अब्ज रँडच्या वर क्लेम आले, सरकारला पैसे ओतावे लागले. त्या आठवड्यात आर्म्ड रिस्पॉन्सवाले मॉल आणि गोडाउनं राखत होते, घरांकडे बघायला गाड्याच उरल्या नव्हत्या. डर्बनच्या फिनिक्समध्ये लोकांनी स्वतःच नाके लावले आणि तिथे 36 जण मारले गेले, त्याच्या केसेस नंतरही निघत राहिल्या. भारतीय वंशाची वस्ती असल्याने त्यावर इकडच्या गप्पांमध्ये फार भावुक होऊन बोललं जातं, मला विचाराल तर बंदूक घेऊन नाक्यावर उभा राहिलेला शेजारी म्हणजे सिक्युरिटी नव्हे.

आणि उत्तरेकडे जाल तर चित्रच बदलतं. नवऱ्याचं लॉजिस्टिक्सचं काम असल्याने तो मोझांबिकमध्ये पेंबाला जातो, त्यामुळे तिथली सिक्युरिटी सर्व्हिस पण घरबसल्या कळते. पेंबा येतं काबो देलगादो प्रांतात. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये मोसिंबोआ दा प्रायाच्या पोलीस ठाण्यांवर हल्ला झाला तिथून हे अतिरेक्यांचं बंड सुरू, पुढे त्या टोळ्यांनी इस्लामिक स्टेटशी नातं जोडलं. हजारो माणसं मेली आणि एका टप्प्यावर दहा लाखांच्या आसपास लोक घरदार सोडून पळालेले होते. गरिबी, माणिक आणि गॅस निघूनही स्थानिकांना काही न मिळणं, सरकारी सैन्याची दडपशाही, सगळं त्यात आहे, नुसतं धर्म धर्म म्हणून समजत नाही. तिथल्या आफुंगीच्या गॅस प्रोजेक्टमध्ये आपल्या ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोलियम आणि ऑइल इंडियाचा मिळून 30 टक्के वाटा आहे, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं.

तिथे कंपनी जी सर्व्हिस विकत घेते तिच्यात पॅनिक बटण वगैरे नाही, तर आधी तासभर ब्रीफिंग, गाडीत ट्रॅकर, अंधार पडायच्या आत हॉटेलात, आणि पेंबाच्या बाहेर उत्तरेला रस्त्याने जायचंच नाही. एन 380 हायवेवर लष्कराच्या ताफ्याबरोबर गाड्या जातात तरी हल्ले होतात. आफुंगीच्या गॅस साइटवर माणसं विमानाने नाहीतर बोटीने नेतात. नवरा म्हणतो तिथे चेकलिस्ट एवढी मोठी असते कारण पाल्मा सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. 2021 च्या 24 मार्चला गॅस साइटजवळच्या पाल्मा शहरावर हल्ला झाला, परदेशी कंत्राटदार आणि स्थानिक लोक अमारूला हॉटेलात अडकले, एका खाजगी दक्षिण आफ्रिकी कंपनीच्या छोट्या हेलिकॉप्टरांनी थोड्याथोड्या लोकांना काढलं, उरलेले गाड्यांच्या ताफ्याने निघाले आणि वाटेत त्यांच्यावर गोळीबार झाला. गोऱ्यांना आधी नेलं असा आरोप ॲम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संघटनेने केला, कंपनीने तो नाकारला. खरं-खोटं काहीही असो, रांग लागली की कोण पुढे हा प्रश्न सिक्युरिटी विकत घेताना कोणीच विचारत नाही. त्यानंतर गॅस साइट चालवणाऱ्या टोटाल या फ्रेंच कंपनीने वीस अब्ज डॉलर्सचा प्रोजेक्टच थांबवला, तो कित्येक वर्षं तसाच पडून होता.

मग रवांडाचं सैन्य आलं, त्यांनी अतिरेक्यांनी बळकावलेलं मोसिंबोआ परत घेतलं. शेजारच्या देशांच्या सॅडक या संघटनेचं लष्करी मिशन पण 2021 मध्ये आलं आणि 2024 मध्ये गेलं, पैसे आणि सामान दोन्ही कमी. रवांडावाल्यांचं नवऱ्याला कौतुक आहे, शिस्त चांगली म्हणतो, पण त्यांचा जोर गॅसच्या बाजूला, दक्षिणेकडचे जिल्हे आपले वाऱ्यावर. 2024 च्या मे महिन्यात माकोमिया शहरात अतिरेकी शिरले, 2025 च्या जुलैत दक्षिणेकडच्या चिउरे जिल्ह्यातून 50 हजारांच्या वर लोक पुन्हा बोचकी घेऊन निघाले. साइटला सिक्युरिटी आहे, चिउरेला कोण देणार?

आणि इकडची गुन्हेगारी आणि तिकडचा दहशतवाद हे दोन्ही वेगळे वेगळे नाहीत बरं. मोझांबिकच्या राजधानीत, मापुटोमध्ये, भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांना खंडणीसाठी उचलून नेणं 2011 पासून चालूच आहे, आता ते जोहान्सबर्गमध्ये पण मुरलंय. 2022 मध्ये अमेरिकेने इस्लामिक स्टेटला पैसा पुरवल्याबद्दल दक्षिण आफ्रिकेत बसलेल्या चौघांवर निर्बंध घातले, आणि 2023 मध्ये हा देश एफएटीएफच्या (काळ्या आणि दहशतवादाच्या पैशांवर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ग्रे लिस्टमध्ये गेला तेव्हा दहशतवादाच्या पैशांचा तपास नीट होत नाही हेही एक कारण होतं. ग्रे लिस्टमधून 2025 मध्ये सुटले एकदाचे. म्हणून दुकान किंवा धंदा असलेल्यांनी नुसत्या अलार्मवर राहू नये, रोजची यायची-जायची वेळ आणि रस्ता बदलता ठेवा, मुलांच्या शाळेचा पण.

आमच्याकडे येणारा एक गार्ड आहे, लिंपोपोचा, राहतो डीपस्लूटला, इथली गरीब वस्ती आहे ती. एकदा चहा दिला तेव्हा विचारलं तुझ्याकडे रात्री काही झालं तर कोणाला बोलावतोस. हसला नुसता आणि म्हणाला, मॅम, तिथे आमची गाडी येत नाही.

असो, घेणाऱ्यांसाठी. सेल्समनला नुसता "किती मिनिटांत येता" विचारू नका, तो पाचच सांगणार. रात्री दहानंतर माझ्या एरियात किती गाड्या आणि किती घरं हे विचारा, आणि ते लेखी मागा. गार्डचं पीएसआयआरए (सिक्युरिटीवाल्यांची नोंदणी करणारी सरकारी संस्था) रजिस्ट्रेशन बघा, ऑनलाइन तपासता येतं. हे सोपस्कार वाटतील पण 2025 मध्ये पोलिसांतल्या साटंलोट्याची जी चौकशी सुरू झाली तिच्यात एका सिक्युरिटी कंपनीच्या मालकाचं नाव पहिल्यापासून गाजलं. शेजाऱ्यांकडे कुठली कंपनी आहे बघून तीच घ्या, एका गल्लीत एकाच कंपनीची जास्त घरं असली की गाडी आपोआप तिथेच घुटमळते. छत्तीस महिन्यांचा करार पुढे करतील, सही करू नका, ग्राहकाचा उघड आर्थिक फायदा दाखवल्याशिवाय कायद्याने चोवीसच्या वर चालत नाही, आणि मध्येच सोडायचं असेल तर वीस कामाच्या दिवसांची लेखी नोटीस पुरते, थोडाफार दंड लावतील. बॅटरीचं त्यांच्यावर सोडू नका, लिथियमची स्वतः आणून बसवा आणि महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून किती वेळ टिकते बघा.

साडेतीन स्टार. कंपनी बदलणार का, तर नाही, त्यांची रात्रीची गाडी आमच्याच चौकात उभी असते.