सिएटल की व्हँकुव्हर? अलास्काचे ग्लेशियर बघायला निघालेल्या कुटुंबांसाठी

बेळगाव, निपाणी, खानापूर या आपल्या पट्ट्यातून अलास्काला जाणारी बहुतेक कुटुंबं एकाच वाटेनं जातात. मुलगा नाहीतर लेक सिएटलकडं नोकरीला असते, उन्हाळ्यात आईवडील तिकडं राहायला जातात आणि गप्पांत कुणीतरी म्हणतं, एवढ्या लांब आलाय तर क्रूझनं ग्लेशियर, म्हणजे हिमनदीही बघून जावा. आमच्याकडं हेच झालं. आमच्या आधी निपाणीचे साडू याच प्रवासाला जाऊन आले होते. ते अमेरिकेतल्या सिएटलहून गेले, आम्ही कॅनडातल्या व्हँकुव्हरहून. तेव्हापासून ओळखीतले लोक विचारतात, यातलं कुठलं बरं? जहाज केवढं, खोली कसली, जेवणात काय मिळतं हे ज्याचं त्यानं बघावं. मी फक्त मार्गाबद्दल लिहितो.

बंदराच्याही आधी एक गोष्ट तपासा. वेळापत्रकात नुसतं ‘ग्लेशियर सीनिक क्रूझिंग’ लिहिलं असेल तर कुठला ग्लेशियर, ते नाव काढून घ्या. ग्लेशियर बे, हबर्ड, एंडिकॉट आर्म या तिन्ही ठिकाणी जहाजावरूनच हिमनदी दिसते, पण तीन ठिकाणचा दिवस तीन तऱ्हांचा असतो. एंडिकॉट आर्म म्हणजे कड्यांमधली अरुंद खाडी, टोकाला डॉज ग्लेशियर. तिथं बहुतेक जहाजं पहाटे शिरतात आणि दुपारी जुनो बंदराला पोचायचं म्हणून लगेच माघारी वळतात. पाण्यात बर्फ जास्त असेल तर मोठं जहाज लांबच थांबतं आणि जवळ जायला छोट्या बोटीचं वेगळं तिकीट काढावं लागतं. शेजारची ट्रेसी आर्मही पूर्वी यादीत असायची. 2025 च्या ऑगस्टमध्ये तिथं सॉयर ग्लेशियरजवळ प्रचंड दरड कोसळून खाडीत मोठी लाट उसळली, त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी मार्ग एंडिकॉटकडं वळवला.

ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना आत सोडतात, त्यामुळं गर्दी अशी नसतेच. सकाळी छोट्या बोटीतून उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात, दिवसभर माहिती सांगतात आणि संध्याकाळी उतरून जातात. 1794 मध्ये कॅप्टन व्हँकुव्हर या दर्यावर्दीच्या मोहिमेतली माणसं इथं आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत उभी होती. आज जहाज त्याच जागेतून शंभरेक किलोमीटर आत जातं. हे ऐकत ऐकत आत जाताना दोन्ही बाजूंचे डोंगर बदलतात. आधी गर्द झाडी, मग खुरटी झुडपं, शेवटी उघडा खडक. बर्फ कुठून आधी हटला आणि कुठून अलीकडं, ते डोंगराच्या अंगावर वाचता येतं. आमची नात शाळकरी, तिला पुस्तकातल्यापेक्षा हे लवकर कळलं.

शेवटी मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज तासभर थांबतं आणि जागेवरच सावकाश वळतं, म्हणजे दोन्ही बाजूंना दिसावं. कडा पाण्यावर सत्तरेक मीटर उंच. त्याचा निळा रंग फोटोत उतरत नाही. तुकडा सुटतो तो आधी दिसतो, पाण्यात पडतो, वर तुषार उडतात आणि हे सगळं झाल्यावर गडगडाट कानावर येतो. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा सगळ्यांनी तिकडं बघितलं, तोवर पाणी निवळायला लागलं होतं. नंतर आई कुणाशीही न बोलता एकाच भेगेवर नजर लावून बसली आणि तिला दोनदा बरोबर दिसलं. मला विचाराल तर मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन जायचं असेल तर ग्लेशियर बे सोडू नये.

आता बंदराचं बघू. ग्लेशियर बेला जाणारी जहाजं सिएटलहूनही सुटतात आणि व्हँकुव्हरहूनही. तेव्हा ग्लेशियरवरून निकाल लागत नाही. आणि पहिल्या नजरेला सिएटलच बरं वाटतं. लेकीचं घर तिथं, जावई गाडीनं बंदरावर सोडणार, आठवड्यानं परत न्यायला येणार. अमेरिकेचा व्हिसा आपल्याकडं असतोच. जहाज अमेरिकेतून सुटून अमेरिकेतच येतंय, मग आणखी कसला कागद लागणार, असंच कुणालाही वाटेल.

इथंच ती गोष्ट येते जिच्यावरून आमचा निर्णय झाला. अमेरिकेत 1886 चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या जहाजाला नुसती अमेरिकेतल्या बंदरांची फेरी करून प्रवासी परत आणता येत नाहीत, मध्ये एखादं परक्या देशाचं बंदर घ्यावंच लागतं. मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळीच परदेशी झेंड्याची. म्हणून सिएटलहून सुटणारं जहाज परतताना कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदराला लागतं. कोविडमध्ये कॅनडानं बंदरं बंद केली तेव्हा 2021 मध्ये अमेरिकेच्या संसदेला तात्पुरता वेगळा कायदा करून सवलत द्यावी लागली होती, एवढा हा नियम पक्का. आणि भारतीय पासपोर्टवर कॅनडात बंदराला लागायचं तर कॅनडाचा व्हिसा लागतो. जहाजातून उतरणार नसलात तरी. तो नसेल तर सिएटललाच चढू देत नाहीत. लेक आणि जावई तिकडं नोकरीच्या व्हिसावर असतील तर त्यांनाही तो लागतो, आणि त्यांच्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा शिक्का अजून चालू आहे का तेही आधीच बघून ठेवा.

कॅनडाचा व्हिसा म्हणजे माणशी शंभर कॅनेडियन डॉलर, शिवाय बोटांच्या ठशांचे पंच्याऐंशी. चौदाच्या आतल्या मुलांना आणि ऐंशी पूर्ण झालेल्यांना ठसे माफ आहेत. आई अजून ऐंशीच्या आतली, म्हणून तिलाही घेऊन जावं लागलं. बेळगावात ती सोय नाही. बेंगळुरू नाहीतर पुणं. आम्ही राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून बेंगळुरूला पोचलो. आईची बोटं मशीन घेईना. आयुष्यभर भांडी घासून, भाकऱ्या थापून रेषा पुसट झालेल्या. तिथल्या मुलीनं ओल्या कागदानं बोटं पुसली, दाबायला सांगितलं, पुन्हा पुसली, पुन्हा दाबायला सांगितलं. मुलगी अदबीनं वागत होती, तिला बोल नाही. पण आई ओशाळून माझ्याकडं बघत होती, जणू तिचंच काही चुकलं. त्यानंतर पासपोर्ट जमा करणं, वाट बघणं वेगळंच.

आणि एवढं करून सिएटलच्या मार्गावर त्या व्हिसाचा उपयोग काय होतो? बऱ्याच वेळापत्रकांत जहाज व्हिक्टोरियाला संध्याकाळी उशिरा लागतं आणि मध्यरात्रीच्या आत सुटतं. दुकानं मिटायची वेळ, बागेत दिवे लागलेले, प्रवाशांनी बॅगा भरायला घेतलेल्या. शिवाय तिथं वेळेत पोचायचं म्हणून अलास्कातल्या केचिकन या गावचा मुक्काम आखडता घेतात. सकाळी लवकर लागून दुपारी एकच्या सुमारास हलायचं. साडू आल्यावर म्हणाले, “जहाज झकास होतं की, खरं कॅनडा काय बघितला नाही बघा. आणि केचिकनला चहा घेतला न् परत फिरलो.” त्यांच्या घरातल्या सगळ्यांनी त्या व्हिसासाठी हेलपाटे घातले होते. मला ते ऐकूनच पटेना. सरहद्दीच्या भागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना कागदपत्रांची सवय असते, कागद लागला तर आपण तो काढतोच. पण काढलेला कागद कामी यावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

व्हिसा कुठल्याही मार्गानं चुकत नसेल, तर त्या व्हिसावर कॅनडा बघूनच जहाज धरावं, असं मी घरात सांगितलं. सिएटलहून व्हँकुव्हर गाडीनं सुमारे 230 किलोमीटर, रेल्वेही आहे. दोन दिवस आधी गेलो, स्टॅन्ली पार्क निवांत फिरलो आणि शहराच्या मधोमध असलेल्या कॅनडा प्लेसवरून जहाजात चढलो. फक्त व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आहे ना, ते तपासा, कारण जहाज अलास्काला जाऊन पुन्हा कॅनडातच परत येतं. बहुधा तसाच देतात, तरी शिक्का वाचून घ्या.

दुसरा फायदा समुद्राचा. हा आधी मी फारसा मोजला नव्हता. सिएटलची जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून उघड्या पॅसिफिकातून वर जातात. व्हँकुव्हरची बेटाच्या आतल्या अंगानं, अरुंद सामुद्रधुन्यांतून. मध्ये काही पट्टा उघडा लागतोच, पण बाकीचा प्रवास दोन्ही बाजूंना झाडी ठेवून, तळ्यातून जावं तसा होतो. वाटेत सेमोर नॅरोज म्हणून चिंचोळी जागा आहे. तिथल्या पाण्याखालच्या खडकानं पूर्वी अनेक जहाजं फोडली. 1958 मध्ये सुरुंग लावून तो उडवला. आजही तिथं ओढ एवढी असते की मोठी जहाजं भरती-ओहोटीच्या मधली स्थिर वेळ साधून जातात. आमच्या आईला चोर्ला घाटातल्या वळणांवरही मळमळतं, गोव्याला जाताना लिंबू हातात लागतं. जहाजावर तिनं तीनही वेळा व्यवस्थित जेवण केलं. साडूंच्या घरी दोघं पहिला दिवस पडून होती. एका फेरीवरून सिद्धांत मांडू नये, समुद्र रोज वेगळा असतो. पण घरात कुणाला गाडी लागत असेल तर हे लक्षात घ्या.

व्हँकुव्हरची कटकट नाही असं नाही. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथंच, चढायच्या आधी होतं आणि एका दिवशी दोन-तीन जहाजं असली की रांग लांबच लांब लागते. आईसाठी व्हीलचेअर आधी सांगून ठेवली होती म्हणून निभावलं. हॉटेलं महाग आहेत. गाडीनं परतताना सीमेवर थांबावं लागतं. शिवाय सगळ्यांत अवाढव्य, घसरगुंड्या आणि खेळांची नवी जहाजं बहुतेक सिएटलहूनच सुटतात, कारण व्हँकुव्हरच्या बंदरात शिरायचं तर लायन्स गेट पुलाखालून जावं लागतं आणि ती त्याखाली मावत नाहीत. बारा-तेरा वर्षांची मुलं जहाजावरच रमणार असतील, किंवा लेकीला रजाच मिळत नसेल, तर सिएटल घ्या. ग्लेशियर बेचं घ्या म्हणजे झालं. चुकीचं काही होणार नाही.

तिसरा मार्ग एकेरी आहे, व्हँकुव्हरहून चढून अलास्कातल्या सीवर्ड नाहीतर व्हिटियर बंदराला उतरायचं. त्यात हबर्ड दिसतो. 122 किलोमीटर लांबीची हिमनदी, समुद्राकडचं तोंडच दहाएक किलोमीटर रुंद, आणि बाकीच्या हटत असताना ही पुढं सरकतेय. 1986 मध्ये तिनं शेजारच्या रसेल खाडीचं तोंडच बंद केलं होतं. पण मोसमाच्या सुरुवातीला तरंगत्या बर्फामुळं जहाज बरंच लांब थांबू शकतं, मध्ये अलास्काच्या आखातातला मोकळा समुद्र लागतो, आणि शेवटी सामानासकट बसनं अँकरेज गाठून विमान धरायचं. पुढं डेनाली राष्ट्रीय उद्यानात जाणार असाल, अंगात दम असेल तर उत्तम. नात आणि आई दोघींना घेऊन मी तरी जाणार नाही.

महिन्याबद्दल थोडं. आपल्याकडच्या शाळा मेअखेरीस उघडतात, त्यामुळं मुलं असतील तर मेच. सुदैवानं तिकडं मे हा त्यातल्या त्यात कोरडा महिना, तिकीटही जूनजुलैपेक्षा बहुधा उतरतं, डोंगरांवर बर्फ भरपूर असतो. देवमासे मात्र जूनपासून जास्त दिसतात. कोरडा म्हटलं तरी केचिकनला पाऊस असतोच, ते गाव पावसासाठीच प्रसिद्ध आहे. छत्रीपेक्षा डोक्यावरून घ्यायचा रेनकोट न्या, डेकवर वारा छत्री टिकू देत नाही.

बाल्कनीची खोली घ्यावी का, हेही विचारतात. ग्लेशियरच्या दिवशी आम्ही खोलीत फारसे नव्हतोच. जहाज वळतं, त्यामुळं एका बाजूची बाल्कनी अर्धा वेळ डोंगराकडं तोंड करून असते. बऱ्याच जहाजांवर त्या दिवशी पुढचा डेक सगळ्यांना उघडतात. तिथं सकाळी लवकर जाऊन आईसाठी खुर्ची धरली, अंगावर दोन ब्लँकेटं घातली. बाल्कनीचे वाचलेले पैसे व्हँकुव्हरच्या हॉटेलात गेले.