अलास्काची ग्रुप क्रूझ एकटीने केली, त्याचा रिव्ह्यू (लांब आहे)

जूनमध्ये सिएटलहून सात रात्रींची अलास्का क्रूझ केली, एका टूर कंपनीच्या मराठी ग्रुपबरोबर, एकूण ३६ जण. कंपनीचं आणि बोटीचं नाव लिहित नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुणाहीबरोबर गेलात तरी उपयोगी पडेल. जेवण, केबिन, ग्लेशियर ह्याचे रिव्ह्यू ढिगाने मिळतात. मी जाण्याआधी शोधत होते ते वेगळंच, की एकट्या बाईला तिथं बोलायला कोण भेटतं, रोज जेवायला कुणाबरोबर बसायचं, सगळी जोडपीच असली तर काय करायचं. ते कुठंच नीट वाचायला मिळालं नाही म्हणून आता मीच लिहितेय.

मी सांगलीची, वय ६१, मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली. अलास्काचं त्यांच्याच मनात होतं, कात्रणं काढून ठेवायचे ते. मुलगी म्हणाली आई तू जाऊन ये, मी पैसे भरते, आणि तिने भरलेच.

क्रूझवर भाडं एका केबिनमध्ये दोन माणसं धरूनच लावतात, त्यामुळे एकटीला केबिन हवी तर जवळजवळ दुप्पट पडतं. म्हणून मी ट्विन शेअरिंग घेतलं. कंपनीने नाशिकच्या एक काकू जोडीला दिल्या, वय ६८. निघायच्या चार दिवस आधी नुसतं नाव कळलं, फोन नंबर द्या म्हटलं तर देता येत नाही म्हणाले. अहो, जिच्याबरोबर इतक्या रात्री एका खोलीत काढायच्या तिच्याशी आधी पाच मिनिटं बोलायला मिळू नये? हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही. तुम्ही शेअरिंगमध्ये जाणार असाल तर दोघींच्या संमतीने एक फोन लावून द्या असा आग्रहच धरा.

बोटीवर केबिनचं दार उघडलं तर समोर एकच डबल बेड. आम्ही दोघी हातात पर्सा धरून तशाच उभ्या. काकू म्हणाल्या मी इथं खाली चादर टाकून झोपते, मला सवय आहे. मी बाहेर जाऊन केबिन बघणाऱ्या फिलिपिनो मुलाला हाक मारली, त्याने पाच मिनिटांत बेड ओढून दोन केले, मधे छोटं टेबल बसवलं. ते मुळात दोन सिंगल बेडच असतात, जोडून ठेवलेले. हे टूर मॅनेजरने आधी सांगितलं असतं तर त्या दोन अनोळखी बायांना तेवढा वेळ अवघडून उभं राहावं लागलं नसतं. रात्री काकूंनी पिशवीतून कापसाचे दोन बोळे काढून माझ्या हातावर ठेवले, म्हणाल्या मी घोरते हो, आत्ताच सांगून ठेवते. तिथंच माझं अर्ध टेन्शन गेलं. पहाटे साडेचारला उठून बाथरूमचं दार लावून त्या हळू आवाजात रामरक्षा म्हणायच्या, मला ऐकू यायची, छान वाटायचं.

आता मुख्य मुद्दा, जेवणाचं टेबल. रात्रीच्या जेवणाला बोटीवर दोन पद्धती असतात. एक म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल, रोज तीच माणसं, तोच वेटर. दुसरी म्हणजे मनात येईल तेव्हा जा, मिळेल तिथं बसा. आमच्या कंपनीने पहिली घेतली होती, आणि दोन बैठकांपैकी उशिराची, पावणेआठची, हे फार चांगलं केलं कारण साडेपाचला रात्रीचं जेवण आपल्याला उतरतच नाही. पण टेबलं लावताना कुटुंबं एकत्र ठेवली आणि राहिलेली माणसं एका टेबलावर टाकली. म्हणजे आम्ही. मी, काकू, सावंतवाडीचं एक जोडपं, इंदूरच्या दोघी बहिणी (मराठीच, पण बोलता बोलता हिंदीत शिरणाऱ्या) आणि साताऱ्याचे एक रिटायर हेडमास्तर. सात जण आणि आठवी खुर्ची रिकामी.

पहिल्या रात्री शेजारच्या टेबलावर विषय निघाला, तुम्हाला कितीला पडलं? कुणी लवकर बुकिंग केलेलं, कुणी मुलाच्या कार्डावर डिस्काउंट मिळवलेला, आकडे निघाले आणि एकाला दुसऱ्यापेक्षा चाळीस हजार जास्त पडलेत हे कळल्यावर ती दोन कुटुंबं चार दिवस नीट बोलत नव्हती. आमच्याकडे तो प्रश्न यायच्या आत सर म्हणाले, कितीला पडलं आणि मुलांची पॅकेजं हे दोन विषय ह्या टेबलावर नकोत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटतं आमचं टेबल जमलं ते तिथंच. आणि मला कुणी, मिस्टर कशाने गेले, मग आता घरी कोण असतं, असलं विचारलं नाही, मी तिसऱ्या दिवशी आपणहून सांगितलं तेव्हा ऐकून घेतलं.

वेटर गोव्याचा निघाला. सावंतवाडीच्या काकांनी त्याच्या छातीवरची नावाची पट्टी बघितली आणि सरळ विचारलं, खंयचो रे तू? तो हातातली प्लेट धरून थांबलाच, मग म्हणाला, कुडचड्याचो! पुढची पाच मिनिटं मालवणी आणि कोंकणी अशी काही चालली की आम्हाला निम्मं कळत होतं, बाकीचं चेहऱ्यांवरून. गोव्यातली पिढ्यान्पिढ्या माणसं बोटीवर कामाला जातात, तर हा आठ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर होता, बायको आणि छोटी मुलगी घरी. त्यानंतर रोज काकूंच्या ताटाशेजारी न सांगता हिरव्या मिरच्या यायच्या. आम्ही त्याला खुर्चीवर बस म्हणायचो, पण त्याला बसायची परवानगी नाही, तो उभ्यानेच मुलीचे फोटो दाखवायचा. टिप रोजच्या रोज बिलात लागतेच, तरी शेवटच्या रात्री आम्ही वेगळी पाकिटं केली, तुम्हीही कराच.

आठव्या खुर्चीचं काय झालं ते सांगते. दुसरा दिवस पूर्ण समुद्रात होता, जमीन नाही काही नाही. काकूंनी क्रोशा आणलेला. वरच्या एका कोपऱ्यात सात-आठ अमेरिकन बायका सुया-लोकर घेऊन विणत बसलेल्या दिसल्या, म्हणजे बोटीच्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत तसा गटच लिहिलेला असतो, कुणीही यावं. काकूंना इंग्रजी नाही. तरी त्या गेल्या आणि बसल्या. मी तासाभराने बघायला गेले तर मिनेसोटाची एक आजी काकूंचा हात हातात घेऊन बोटं कशी फिरतात ते बघत होती, काकू मराठीत सांगत होत्या, हा असा टाका घे, आता मागनं काढ, नाही नाही, मागनं. आणि ती काढत होती बरोबर! त्या रात्री आम्ही टूर मॅनेजरला विचारून त्या आजीला आठव्या खुर्चीवर बोलावलं, तिचे मिस्टर त्याच वर्षी गेलेले, तीही एकटीच. तेव्हा एक गोष्ट आमच्या लक्षात आली, परका माणूस टेबलावर असताना आपण दोन मिनिटांत मराठीत घसरतो आणि तो बिचारा सूप ढवळत बसतो. इंदूरच्या धाकट्या ताईंनी मग दोन्हीकडचं भाषांतर करायचं काम घेतलं आणि शेवटपर्यंत निभावलं.

पुढं रोज संध्याकाळी ती खुर्ची कुणाला द्यायची हे दुपारीच ठरायला लागलं. एकदा त्या चाळीस हजारवाल्या काकांना बोलावलं, त्यांना खरं तर गप्पाच मारायच्या होत्या, त्यांच्या टेबलावर सगळे फोनमध्ये. (वायफाय वेगळं विकत घ्यावं लागतं आणि महाग आहे. आमच्या टेबलावर कुणीच घेतलं नव्हतं, त्याचा फायदाच झाला.) एकदा ठाण्याच्या कुटुंबातला बारावीतला मुलगा आला, त्याने सरांना विचारलं की आपण अमेरिकेहून अमेरिकेलाच चाललोय तर शेवटी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तासांसाठी का थांबतो, त्यासाठी कॅनडाचा व्हिसा काढायला किती त्रास झाला. सरांनी सांगितलं की अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या बोटीला मधे परदेशी बंदर घेतल्याशिवाय अशी फेरी करता येत नाही, आणि ह्या मोठ्या बोटी बहुतेक परदेशीच नोंदलेल्या असतात. हे कंपनीच्या माहितीपत्रकात एका ओळीत लिहिता आलं असतं.

जुनोला व्हेल दिसले. गाव अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथं यायला रस्ताच नाही, बोटीने नाहीतर विमानाने. स्कॅगवेची व्हाइट पास रेल्वे मात्र चुकवू नका. सोन्याच्या शोधात लोक धावले त्या काळात, १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली, तीन फुटी अरुंद रूळ, कड्याच्या कडेकडेने चढते. काकू म्हणाल्या आपलं माथेरानच की, फक्त बर्फ घातलेलं. डब्याच्या टोकाला बाहेर उभं राहायला जागा असते, तिथं अनोळखी लोक एकमेकांचे फोटो काढतात, एकमेकांना धरून ठेवतात, सगळ्यात जास्त ओळखी मला तिथं झाल्या.

ग्लेशियर बेचा दिवस वेगळाच. तिथं दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटींना प्रवेश देतात. सकाळी छोट्या बोटीतून नॅशनल पार्कचे रेंजर येऊन आपल्या बोटीवर चढतात आणि दिवसभर माइकवर माहिती सांगतात. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी ही सगळी खाडी म्हणजे बर्फच होता, तो मागं सरत सरत शंभरेक किलोमीटर गेला. मार्जरी ग्लेशियरसमोर बोट थांबली, आणि ती हळूहळू जागेवरच फिरवतात त्यामुळे दोन्ही बाजूच्यांना दिसतं, धक्काबुक्की करायची काही गरज नाही. तरी आमच्या ग्रुपातल्या काहींनी पुढच्या खुर्च्यांवर पिशव्या ठेवून जागा अडवल्या आणि एकाने मोबाइलच्या स्पीकरवर गाणी लावली. शेजारचा जपानी माणूस कॅमेरा खाली करून नुसता बघत राहिला. सर उठून गेले आणि हात जोडून म्हणाले, दादा, पाच मिनिटं बर्फाचं ऐकू या. गाणी बंद झाली. एवढ्या लांब येऊन शेजाऱ्याला त्रास होईल असं आपण वागतो ह्याचं मला खरंच वाईट वाटलं.

शांत झालं आणि कड्याचा एक तुकडा सुटला. आधी नुसतं पडताना दिसतं, पाणी वर उडतं, आणि मग मागून आवाज येतो, वळवाच्या पावसाआधी येतो तसा. तिथले मूळचे ट्लिंगिट लोक त्याला पांढरा गडगडाट म्हणतात असं रेंजरबाईंनी सांगितलं. मला ह्यांची कात्रणं आठवली आणि मग मला काही दिसेना. सावंतवाडीच्या वहिनी शेजारी होत्या, त्या काहीच बोलल्या नाहीत, आपल्या शालीचं अर्ध टोक माझ्या खांद्यावरून घेतलं आणि तशाच उभ्या राहिल्या, बोट वळेपर्यंत. ती शाल जाड, घरच्या लोकरीची, तिला डांबराच्या गोळीचा वास येत होता.

केचिकनला धो धो पाऊस, तिथं वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पडतो म्हणे, छत्री चालत नाही, चांगला रेनकोट न्या.

आता कंपनीबद्दल. टूर मॅनेजर मुलगा कष्टाळू, कुणाला गोळ्या हव्या, कुणाचं गुडघं दुखतंय, सगळं बघायचा. पण दर उतरण्याच्या वेळी हजेरी, घाई, आणि सारखं आपला ग्रुप, आपला ग्रुप, त्यामुळे बोटीवरच्या बाकी दोन-अडीच हजार माणसांशी बोलायचं बऱ्याच जणांना सुचलंच नाही. माहितीपत्रकात मराठी मनोरंजनाची संध्याकाळ लिहिलेली, ती म्हणजे बारच्या कोपऱ्यात पाऊण तास अंताक्षरी. त्यापेक्षा दर दोन रात्रींनी टेबलं बदलली असती तर जास्त मजा आली असती, आणि एकट्या माणसांना राहिलेल्यांच्या टेबलावर टाकण्याऐवजी कुटुंबांत मिसळलं असतं तर त्यांनाही बरं आणि कुटुंबांनाही. आमचं नशीब चांगलं म्हणून आम्हाला अशी माणसं मिळाली, दरवेळी मिळतीलच असं नाही. हे मी फीडबॅक फॉर्मवर लिहिलंय, मागच्या पानावरसुद्धा.

पाचपैकी बोटीला साडेचार, कंपनीला तीन. एकटं जाणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच लेखी मागा: बेड वेगळे, जेवणाची उशिराची बैठक, आठ जणांचं टेबल. डेकसाठी थर्मल आणि कानटोपी, जूनमध्येही लागते. रात्री दहापर्यंत उजेड असतो, झोप येत नाही, तेव्हा पत्त्यांचा मोठ्या अक्षरांचा कॅट ठेवा जवळ. बुफेच्या दारात हात धुवायला सांगतात ते रोज ऐका, एवढ्या लोकांत एकाचं पोट बिघडलं की पसरतं.

काकू परवा नाशिकहून सांगलीला येऊन गेल्या, चार दिवस राहिल्या. मिनेसोटाच्या आजीने टपालाने एक रुमाल पाठवलाय, काकूंनी शिकवलेल्या टाक्याचा, एका कोपऱ्यात एक घर चुकलंय. काकू म्हणाल्या उसवायचा नाही हं, तसाच राहू दे.