जपानी मूक नाट्यपट: नारुसेचा संच, बेंशीची डीव्हीडी की जुनं रीळ?

१९२३चा कांतो भूकंप, युद्धातली बाँबफेक आणि भडकन पेटणारी नायट्रेट फिल्म यांत जपानचे बहुतेक मूकपट गेले. तिथे १९३५च्या आसपासपर्यंत मूकपट निघत होते, म्हणून उरलेल्यांत १९३०नंतरचे बरेच आहेत.

एकदाच पैसे घालायचे असतील तर क्रायटेरियन या अमेरिकन डीव्हीडी कंपनीच्या एक्लिप्स मालिकेतला ‘सायलेंट नारुसे’ (२०११) हा संच घ्यावा. दिग्दर्शक मिकिओ नारुसेचे उरलेले पाचही मूकपट (१९३१–३४) त्यात आहेत. ‘एव्हरी-नाइट ड्रीम्स’मध्ये बारमध्ये राबून मुलाला वाढवणारी आई आणि अचानक परतलेला बेकार नवरा आहे. कॅमेरा चेहऱ्याकडे अशी झेप घेतो की ठरावीक वाटणारी गोष्टही अंगावर येते. या मालिकेत मोठं रिस्टोरेशन नसतं, त्यामुळे रेघा, डाग दिसणारच. अडचण वेगळीच आहे: डीव्हीडीवर कोणत्या भागातल्या प्लेअरवर ती चालेल याचा क्रमांक, म्हणजे रीजन, असतो; ही डिस्क रीजन १ची, भारतातले प्लेअर रीजन ५चे. मल्टी-रीजन प्लेअर लागेल. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन साधारण पाचदाच बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो.

डिजिटल मीम या जपानी कंपनीच्या ‘टॉकिंग सायलेंट्स’ डीव्हीडींचं मोल आवाजात आहे. पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा, सगळ्या पात्रांचे संवाद बोलणारा बेंशी हा जपानी मूकपटाचा अर्धा प्राण, आणि इथे मिदोरी सावातो यांचं निवेदन ऐकायला मिळतं. दिग्दर्शक मिझोगुचीचा ‘ताकी नो शिराइतो’ (१९३३) याच मालिकेत आहे. प्रिंट झिजलेली आहे, तरी ताकाको इरिएची जलजादूगारीण पाहावीच. निवेदन वेगवान असल्याने सबटायटल वाचताना चित्र निसटतं. दोनदा पाहायची तयारी ठेवा.

खऱ्या फिल्मची ओढ असेल तर ९.५ मिमी पाथे-बेबी रीळ बघा. घरगुती प्रोजेक्टरसाठी चित्रपट कापून छोटे करून त्यावर विकत. दिग्दर्शक ओझूचा १९२९चा ‘वासेई केंका तोमोदाची’ अशाच चौदा मिनिटांच्या रूपात उरला. ही फिल्म अ‍ॅसिटेटची, म्हणून पेटण्याचा धोका कमी. पण डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर ती कुजू लागली आहे, आणि इतर रिळांनाही बिघडवेल. या फिल्मची छिद्रं दोन फ्रेममध्ये मधोमध असतात. फिल्म आकसली की छिद्रात अडकून फिल्म पुढे ओढणारा प्रोजेक्टरचा पंजा छिद्र चुकवून थेट चित्रावर ओरखडे काढतो. नव्या फिल्मच्या १०० छिद्रांशेजारी जुनी १०० ठेवून पाहा: एका छिद्राचा फरक म्हणजे सुमारे १ टक्का आकसणं, आणि असं रीळ प्रोजेक्टरवर न चढवता स्कॅनच करावं. ३५ मिमी नायट्रेट मात्र घरी आणू नका. विमान कंपन्या ती धोकादायक माल मानतात.