चार बुधवार बरोबर, पाचव्याला एफडी गेली

ठाण्याहून तुर्भ्याला रोज लोकलने जातो, मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब लिहितो. आकड्यांत आयुष्य गेलं आणि आकड्यांनीच गंडवलं, म्हणून लिहितोय.

गेल्या पावसाळ्यात एका बुधवारी अनोळखी नंबरावरून मेसेज आला: 'आज रात्री क्रुड वर. फक्त बघा, पैसे लावू नका.' क्रुड म्हणजे कच्चं तेल. बुधवारी अमेरिकेच्या ईआयए या सरकारी संस्थेचा तेलसाठ्याचा आकडा येतो, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे 8 वाजलेले असतात (थंडीत 9). साठा अंदाजापेक्षा घटला की भाव बहुधा चढतो. त्या रात्री चढला. पुढच्या बुधवारी 'खाली' आला, तोही खरा. तिसऱ्या वेळी मी एमसीएक्सवर, म्हणजे वस्तूंच्या वायदेबाजारात, क्रुड मिनीचा एक लॉट (सर्वांत छोटा सौदा) घेतला, 10 बॅरल. सातशे रुपये सुटले. चौथाही बरोबर.

मग फोन. 'काका, आमचे सर ओपेकच्या बैठकीआधीच दिशा सांगतात.' (ओपेक म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना.) महिन्याचे ₹12,000. सेबी या बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या नोंदणीचं सर्टिफिकेट पाठवलं, क्यूआर कोड मात्र कुठल्याशा बाईच्या नावाचा. तिथेच थांबायला हवं होतं. मी स्कॅन केला.

पाचव्या बुधवारी एफडी मोडून मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) भरलं आणि मोठ्या क्रुडचा एक लॉट घेतला, म्हणजे 100 बॅरल. भाव बॅरलमागे ₹212 खाली आला. ₹21,200 गेले. सर म्हणाले, रिकव्हरी प्लॅन घ्या, ₹15,000. तेही दिले. हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

उलगडा झाला कोपरखैरण्यात, मेहुणीच्या मुलाच्या बारशाला. गच्चीवर साडूबुवांशी बोलता बोलता विषय निघाला. त्यांनी मोबाइल काढला. तोच निरोप, 'फक्त बघा' तेच, 'क्रुड'मधला ऱ्हस्व उकारही तोच. फक्त तिसऱ्या बुधवारी मला 'वर' आलं होतं आणि त्यांना 'खाली'. त्यानंतर त्यांना मेसेजच नाही.

समजा 1,600 जणांना निरोप धाडले, निम्म्यांना वर, निम्म्यांना खाली. चुकीचे वगळत जायचं: 800, 400, 200, 100. चौथ्या बुधवारनंतर शंभर माणसं अशी उरतात, ज्यांच्यासाठी 'सर' कधीच चुकलेले नाहीत. त्यातला मी एक. तेलाचं काही कळायची गरजच नाही.

एप्रिल 2020 मध्ये अमेरिकी तेलाचा मे महिन्याचा वायदा (पुढच्या तारखेचा सौदा) उणे 37.63 डॉलरवर बंद झाला होता आणि एमसीएक्सवरचा हिशेब बॅरलमागे उणे ₹2,884 ने झाला. भाव शून्याखाली जाईल, असं भल्याभल्यांना वाटलं नव्हतं. मला ते आठवत होतं, तरीही सरांवर विश्वास ठेवला!

सर्टिफिकेटवरचा नंबर सेबीच्या वेबसाइटवर टाकला, तर तो दुसऱ्याच माणसाचा निघाला. ही तपासणी पैसे देण्याआधी करा, दोन मिनिटांचं काम आहे. नफ्याची हमी देणं नोंदणीकृत सल्लागारालाही चालत नाही. फसलात तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन लावा. मी लाजेपोटी अकरा दिवस घालवले, तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं.

साडूबुवा मात्र घरात अजून सांगतात, 'मी आधीच ओळखलं होतं.' काही ओळखलं नव्हतं हो. त्यांना तिसऱ्या बुधवारी चुकीचा निरोप आला, एवढंच.