डोळवली स्टेशन : एक पावसाळा, एक हिवाळा वापरल्यावर

कर्जतहून खोपोलीला जाताना पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी एवढीच स्टेशनं लागतात. मी गेल्या पावसाळ्यात डोळवलीजवळ राहायला आलो आणि नोकरीसाठी कल्याणला जातो. इथे घर बघणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

सकाळ सुखाची जाते. सीएसएमटीची थेट खोपोली लोकल मिळाली की बसलेली जागा कल्याणपर्यंत आपली. बदलापूर-अंबरनाथच्या मित्रांना हे खरं वाटत नाही. अशा थेट गाड्या मोजक्याच, त्यामुळे आमच्या घरी आंघोळ, डबा, सगळं त्या वेळेवर ठरतं.

फलाट एकच. दोन्हीकडच्या गाड्या त्यालाच लागतात, म्हणून नवख्या माणसाने चढण्याआधी गाडी कुठे चाललीय ते विचारून घ्यावं. पावसाळ्यात आडव्या सरी आल्या की छत्री असूनही भिजायला होतं; जाड रेनकोटच घ्या.

खरा त्रास परतीचा. कर्जत लोकल थोडी जरी रखडली तरी खोपोलीची गाडी सुटून गेलेली असते आणि पुढचीसाठी कधी कधी तासाहून जास्त बसावं लागतं. रात्री कर्जतहून स्पेशल रिक्षा करणं रोज कुणाला परवडणार? माझ्यासोबत नर्स आहेत, दुकानात काम करणाऱ्या मुली आहेत. त्यांच्या घरचे तोवर जागे असतात. मार्ग एकेरी आहे, गाड्या हव्या तेवढ्या वाढणार नाहीत, हे मान्य. पण मागची लोकल कर्जतच्या तोंडाशी आलेली असताना संध्याकाळच्या गाडीने पाच मिनिटं थांबायलाच हवं.

एकेकाळी मुंबई-पुण्याची वाट इथूनच होती. रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीला पोचली तेव्हा बोरघाटात रूळ नव्हते. पुण्याकडे जाणारी माणसं खोपोलीला उतरून पालखीने, तट्टाने घाट चढत. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग सुरू झाला, पुण्याच्या गाड्या पळसदरीवरून वर गेल्या आणि आमचा भाग फाटा होऊन राहिला. हे कळल्यापासून मला या रुळांबद्दल जास्तच माया वाटते.

सुट्टीची वेळ ठरलेली असेल तर डोळवलीत बिनधास्त घर घ्या. रात्रपाळी असेल किंवा साहेब कधीही थांबवून घेत असतील, तर थोडं भाडं जास्त पडलं तरी कर्जतलाच बघा. आणि येण्याआधी रविवारचं वेळापत्रक वेगळं तपासा, ब्लॉक असला की सगळा हिशेब बदलतो.