कॅराव्हॅनच्या स्पीकरला टीव्ही जोडून देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

कॅराव्हॅनच्या (गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या) बाहेर, ऑनिंगखाली म्हणजे तिच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छताखाली बसून टीव्ही पाहता यावा आणि त्याचा आवाज कॅराव्हॅनच्याच बाहेरच्या स्पीकरमधून यावा, एवढ्या साध्या कामासाठी मेलबर्नमधल्या एका फिरत्या कारागिराने आमच्याकडून १,९८० डॉलर घेतले. त्यातले ६४० डॉलर ज्या वस्तूसाठी होते, ती वस्तू लाल दिवा लावण्यापलीकडे काहीही करत नव्हती. पुढे आमच्याच ओळखीचा हवाला देऊन त्याने आणखी एका मराठी कुटुंबाला तसाच गंडा घातला. ते कळल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून काय घडले आणि कसे घडले ते सविस्तर लिहीत आहे.

आमची कॅराव्हॅन वापरलेली, पण चांगल्या स्थितीतली आहे. आत एक बारा व्होल्टवर चालणारा स्टिरिओ असून त्याला दोन स्पीकर आत आणि दोन बाहेर, दरवाजाच्या बाजूच्या भिंतीवर बसवलेले आहेत. स्टिरिओवरच्या बटणाने आवाज आत ठेवायचा की बाहेर, हे निवडता येते. बाहेरच्या भिंतीत टीव्हीसाठी अँटेनाचे सॉकेट आणि बारा व्होल्टचे सॉकेट आधीपासूनच होते. आम्हाला हवा होता तो फक्त बाहेरच्या वापराला योग्य असा चोवीस इंची टीव्ही, तो अडकवण्याचा ब्रॅकेट आणि स्टिरिओशी जोडणी. डिसेंबरमध्ये बॉक्सिंग डे कसोटीच्या आधी हे काम व्हावे अशी घरच्या सर्वांची इच्छा होती. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका ऑनलाइन बाजारात जाहिरात पाहून आम्ही या गृहस्थाला बोलावले. तो स्वतःच्या व्हॅनमधून आला, अंगावर व्यवसायाचे नाव छापलेला शर्ट होता, बोलणे अदबीचे होते आणि कॅराव्हॅनच्या वायरिंगची त्याला खरोखरच माहिती होती. ही माहिती नसती तर पुढची बतावणी त्याला इतकी सफाईने करता आली नसती.

पाहणी करून त्याने गंभीरपणे सांगितले की टीव्हीचा आवाज ‘डिजिटल’ असतो, कॅराव्हॅनचा स्टिरिओ मात्र जुन्या पद्धतीचा आहे, आणि या दोघांना थेट जोडले तर स्टिरिओचा अॅम्प्लिफायर जळेल. त्यासाठी मध्ये एक ‘ऑडिओ इंटिग्रेशन मॉड्यूल’ बसवावे लागेल, ते परदेशातून मागवावे लागते, आणि म्हणून ९०० डॉलर आगाऊ बँक ट्रान्सफरने द्यावेत. या बोलण्यात खऱ्याखोट्याची सरमिसळ किती चतुराईने केलेली होती, हे नंतर लक्षात आले. स्पीकरच्या वायरी भलतीकडे जोडल्या तर अॅम्प्लिफायर जळू शकतो, हे खरेच आहे. अशा बहुतेक स्टिरिओंमध्ये स्पीकरची ‘उणे’ बाजू गाडीच्या अर्थिंगला जोडलेली नसते, आणि ती तिथे टेकवली किंवा दोन स्पीकरच्या उणे वायरी एकत्र केल्या तर आतील चिप निकामी होऊ शकते. परंतु टीव्हीचा आवाज स्टिरिओला देण्यासाठी स्पीकरच्या वायरींना हात लावण्याची गरजच नसते. टीव्हीच्या हेडफोनच्या सॉकेटमधून स्टिरिओच्या ‘ऑक्स’मध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेण्याच्या सॉकेटमध्ये, एक केबल गेली की काम होते. खरी भीती दाखवून नसलेल्या उपायाचे पैसे घेणे, ही त्याची रीत.

ठरल्या दिवशी त्याने काम केले आणि बिल दिले. टीव्ही ६२० डॉलर, ब्रॅकेट आणि केबल १४०, मॉड्यूल ६४०, मजुरी ४००, वर दहा टक्के जीएसटी. ‘मॉड्यूल’च्या ओळीत ना बनवणाऱ्या कंपनीचे नाव होते, ना मॉडेल क्रमांक. टीव्हीच्या ओळीतही फक्त ‘आउटडोअर, आयपी ६५’ एवढेच होते. जाता जाता बाहेर २४० व्होल्टचा एक जास्तीचा पॉइंट रोखीने बसवून देण्याची तयारीही त्याने दाखवली. ते आम्ही नाकारले, कारण व्हिक्टोरियात असे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचे असते आणि त्याचे सुरक्षा प्रमाणपत्र द्यावे लागते, तर याने प्रमाणपत्राचा विषयही काढला नव्हता. उरलेले १,०८० डॉलर आम्ही त्याच्या मशीनवर कार्डाने दिले.

प्रात्यक्षिकाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण सगळी फसवणूक त्याच्यावरच उभी होती. त्याने आम्हाला बाहेर खुर्च्यांवर बसवले, मॉड्यूल म्हणून पलंगाखालच्या कप्प्यात बसवलेल्या काळ्या डब्यावरचा लाल दिवा आधी दाखवला आणि मग टीव्हीवर समुद्रकिनाऱ्यांची, डोंगरांची हवाई दृश्ये आणि त्यावर संगीत असा एक व्हिडिओ लावला. आवाज दोन्ही स्पीकरमधून भरघोस आला. माझ्या पत्नीने बातम्या लावून पाहू का, असे विचारले तेव्हा अँटेनाचे चॅनेल अजून शोधायचे आहेत, ते तुम्ही कॅराव्हॅन पार्कमध्ये (कॅराव्हॅन उभ्या करून राहण्याच्या जागी) पोहोचल्यावर करा, कारण प्रत्येक ठिकाणी ते नव्याने करावेच लागतात, असे उत्तर मिळाले. हेही खरेच असल्यामुळे त्यावर शंका घ्यायला जागा नव्हती. मात्र ज्या व्हिडिओत कोणी बोलत नाही त्यात ओठ आणि आवाज यांचा मेळ बसतो की नाही हे कळत नाही, आणि त्याला नेमके तेच लपवायचे होते.

एचुकाला मरे नदीकाठच्या पार्कमध्ये पहिल्यांदा सामना लावला तेव्हा चेंडू बॅटला लागलेला दिसायचा आणि टोला क्षणभर उशिरा ऐकू यायचा. निवेदकाचे ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे. शिवाय आमच्या मुलाचा फोन कॅराव्हॅनजवळ आला की टीव्हीचा आवाज मध्येच बंद पडायचा. कारागिराला फोन केला तेव्हा त्याने मॉड्यूल ‘सेट व्हायला’ वेळ लागतो असे सांगितले. पुढच्या वेळी टीव्ही आणि स्टिरिओ वेगवेगळ्या कंपन्यांचे असल्याने असे होतेच असे सांगितले, आणि त्यानंतर त्याने फोन घेणेच सोडून दिले. त्यातच डावीकडचा बाहेरचा स्पीकर पूर्ण बंद पडला, म्हणून आम्ही गावातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावले.

त्या वयस्कर गृहस्थाने जे केले ते प्रत्येकाने आपल्या कॅराव्हॅनमध्ये करून पाहावे असे आहे. त्याने टीव्ही चालू ठेवायला सांगितला, फ्यूजच्या पट्टीवर त्या डब्यासाठी घातलेला लाल रंगाचा दहा अँपिअरचा फ्यूज चिमट्याने ओढून काढला आणि शांतपणे ऐकत उभा राहिला. डब्यावरचा दिवा विझला, आवाज मात्र जसाच्या तसा चालू राहिला. मग त्याने टीव्हीच्या मेनूत जाऊन ब्लूटूथ बंद केले, त्याबरोबर आवाज थांबला. आमचा स्टिरिओ आणि टीव्ही हे दोन्ही ब्लूटूथचे होते, आणि कारागिराने त्यांची जोडी लावून देण्यापलीकडे काहीही केलेले नव्हते. ब्लूटूथवरून येणारा आवाज साधारणतः सेकंदाचे एक-दोन दशांश मागे राहतो, म्हणून ओठ आणि शब्द जुळत नव्हते. आणि स्टिरिओला मुलाचा फोन आधीपासून ओळखीचा असल्याने फोन जवळ आला की तो टीव्हीला सोडून फोनला जाऊन मिळत होता.

डबा कापून उघडला तेव्हा आत चिकट काळा डिंकासारखा पदार्थ भरलेला होता. तो खरवडल्यावर एक लहान लाल एलईडी, त्याच्यासाठी एक रेझिस्टर आणि स्पीकरच्या चार वायरी एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने तशाच बाहेर गेलेल्या, एवढेच निघाले. त्या वायरी मध्ये कापून नुसत्या पिळून जोडलेल्या होत्या, ना डाग दिलेला होता, ना कनेक्टर. कॅराव्हॅन रस्त्यावर हादरत गेल्यावर त्यातला एक पीळ सुटला आणि डावा स्पीकर गेला. सुटलेले टोक शेजारच्या वायरीला टेकले असते तर अॅम्प्लिफायरही जाऊ शकला असता, म्हणजे ज्या नुकसानीची भीती घालून त्याने पैसे घेतले, ते नुकसान त्याच्याच कामामुळे होऊ शकले असते.

टीव्हीची गोष्टही वेगळी नव्हती. मागच्या बाजूला ‘आयपी ६५’ असे लिहिलेले चकचकीत स्टिकर होते. आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. सहा म्हणजे धूळ अजिबात आत न जाणे आणि पाच म्हणजे नळीने पाण्याचा झोत मारला तरी बिघाड न होणे. ज्या टीव्हीच्या पाठीवर हवेसाठी उघड्या फटींच्या रांगा आहेत त्याला हा दर्जा मिळणे शक्यच नाही. स्टिकर सोलल्यावर खाली कारखान्याचे मूळ लेबल निघाले आणि त्यावर केवळ घरातील वापरासाठी अशी सूचना होती. त्याच लेबलवर वीज बारा व्होल्ट एवढीच लिहिलेली होती. कॅराव्हॅनची बॅटरी सोलरवर किंवा चार्जरवर असताना व्होल्टेज सहज चौदाच्या पुढे जाते, म्हणून कॅराव्हॅनसाठी बनवलेल्या टीव्हीवर सहसा कमीतकमी ते जास्तीत जास्त अशी व्होल्टची मर्यादा दिलेली असते. ती मर्यादा लेबलवर नसेल तर तो टीव्ही घरी अॅडॉप्टरवर चालवण्याचा आहे, असेच समजावे.

बिलावरचा अकरा आकडी एबीएन, म्हणजे ऑस्ट्रेलियातला व्यवसाय नोंदणीचा क्रमांक, आम्ही सरकारच्या एबीएन लुकअपवर तपासला. ही सोय फुकट आहे आणि त्यात क्रमांक चालू आहे की रद्द, तसेच धारक जीएसटीसाठी नोंदलेला आहे की नाही, हे दोन्ही दिसते. हा क्रमांक रद्द झालेला होता आणि त्यावर जीएसटीची नोंद कधीच नव्हती. म्हणजे जीएसटी म्हणून घेतलेले १८० डॉलरही सरळ त्याच्या खिशात गेले होते. कार्डाने दिलेल्या १,०८० डॉलरसाठी आम्ही बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत, मागितला. फ्यूज काढल्यावरही आवाज चालू राहतो याचे चित्रीकरण, उघडलेल्या डब्याचे आणि स्टिकरखालच्या लेबलचे फोटो आणि ऑटो इलेक्ट्रिशियनचे लेखी निवेदन जोडल्यावर बँकेने ती रक्कम परत केली. बँक ट्रान्सफरने दिलेल्या ९०० डॉलरला मात्र ही वाट उपलब्ध नसते. आगाऊ रक्कम तो ट्रान्सफरनेच का मागत होता, हे यावरून उघड होते.

याच दरम्यान ओळखीच्या एका काकांचा फोन आला. त्यांच्याही कॅराव्हॅनमध्ये असाच काळा डबा बसवलेला होता. काका म्हणाले, “अहो, तो तुमचंच नाव सांगत आला. तुमच्याकडे काम उत्तम झालंय म्हणाला, तुमच्या कॅराव्हॅनचा फोटोही दाखवला, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो.” माझे नाव वापरून एका ज्येष्ठ माणसाचे पैसे काढून घेतले गेले, ही गोष्ट मला स्वतःच्या नुकसानीपेक्षा जास्त लागली. परक्या देशात आपण एकमेकांच्या शब्दावर दुकाने, कारागीर, डॉक्टर निवडतो, आणि त्या विश्वासाचाच त्याने असा वापर केला. कोणी कारागीर आपल्या परिचिताचे नाव सांगत असेल, तर पैसे देण्याआधी त्या परिचिताला एक फोन अवश्य करावा. काकांनी मला विचारले असते तर मी त्यांना त्या दिवसापर्यंतचे सगळे सांगितले असते.

जोडणीचे खरे काम एचुकाच्या त्या गृहस्थाने दुपारभरात केले आणि सामानाचा खर्च पन्नास डॉलरच्या आत आला. हेडफोनच्या सॉकेटमधून निघालेली केबल भिंतीतून स्टिरिओच्या ऑक्सपर्यंत नेली. टीव्ही आणि स्टिरिओ एकाच बॅटरीवर असल्याने स्पीकरमध्ये बारीक घरघर येऊ लागली, तेव्हा केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची बोटभर लांबीची वस्तू घातली आणि घरघर थांबली. ज्यांच्या टीव्हीला हेडफोनचे सॉकेट नाही त्यांना ऑप्टिकल केबल आणि आवाज रूपांतरित करणारी छोटी डबी वापरता येते. त्या केबलमध्ये तांब्याची तार नसल्याने घरघरीचा प्रश्न सहसा येत नाही, फक्त टीव्हीच्या मेनूत आवाजाची पद्धत ‘पीसीएम’ ठेवावी लागते, नाहीतर बहुधा काहीच नीट ऐकू येत नाही. काम तपासताना निसर्गदृश्ये नव्हे, तर बातम्या लावायला सांगाव्यात आणि निवेदकाच्या ओठांकडे पाहावे.

महाराष्ट्रातही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आल्यापासून गाड्या अशा रीतीने सजवून घेण्याची हौस दिसते. पुण्यातल्या माझ्या भावाने मित्राच्या गाडीसाठी अशाच एका ‘मॉड्यूल’बद्दल मला विचारले, तेव्हा मी त्याला कंपनी आणि मॉडेल क्रमांक बिलावर लिहून मागायला सांगितले. तिकडे अशी तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवता येते.

आमच्या ९०० डॉलरसाठी आणि काकांच्या पूर्ण रकमेसाठी आम्ही कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरियाकडे तक्रार केली असून व्हीकॅट या न्यायाधिकरणाकडे स्वतंत्र अर्जही केले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यानुसार काम योग्य कौशल्याने आणि सांगितलेल्या उपयोगासाठी झालेले असले पाहिजे, आणि वस्तूच्या दर्जाबद्दल खोटे सांगणे हा स्वतंत्र भंग आहे. सध्या अडचण आहे ती त्याचा खरा पत्ता मिळवण्याची, कारण अर्जाची नोटीस पोहोचवायला तो लागतो. ज्यांच्या कॅराव्हॅनमध्ये पलंगाखाली असा लाल दिव्याचा, नाव नसलेला काळा डबा असेल, त्यांनी तो काढून टाकू नये. टीव्ही चालू ठेवून फ्यूज काढतानाचे चित्रीकरण आधी करावे, स्टिकर सोलण्यापूर्वीचा आणि नंतरचा फोटो घ्यावा, आणि बिलावर किंवा पैसे पाठवताना दिसलेले खात्याचे नाव व पत्ता जो काही असेल तो जपून ठेवून आपल्या तक्रारीत तोच लिहावा.