मॉडफ्लो ६ आणि मॉडेलम्यूज: खाणीच्या उपशाने विहिरी किती उतरतील?

खुल्या खाणीतलं पाणी उपसल्यावर भोवतालच्या विहिरींचं काय होईल, याचा झटपट अंदाज सिखार्टच्या सूत्राने काढतात. पातळी ४० मीटर उतरवायची आणि पारगम्यता (खडकातून पाणी किती सहज वाहतं) सेकंदाला ०.००००१ मीटर धरली, तर प्रभावत्रिज्या, म्हणजे उपशाचा परिणाम पोचतो ते अंतर, येते ३८० मीटर. पण या सूत्रात काळच नाही. तीच पारगम्यता, ४० मीटर जाडीचा जलधर (पाणी धरणारा थर), ५ टक्के स्पेसिफिक यील्ड (पातळी उतरल्यावर थरातून निथळणारं पाणी) आणि १० वर्षांचा उपसा घेऊन कूपर-जेकबच्या सूत्राने मोजा: पुनर्भरण (जमिनीत मुरणारं पाणी) शून्य धरल्यास २.४ किलोमीटर! गावं नेमकी या दोन आकड्यांच्या मधे असतात.

म्हणून यूएसजीएस या अमेरिकी भूविज्ञान संस्थेचं मॉडफ्लो ६, भूजलाचा प्रवाह मोजणारं सॉफ्टवेअर. ते माउसने हाताळायला मॉडेलम्यूज हा पडदा, दोन्ही फुकट. मॉडेलम्यूज फक्त विंडोजवर चालतं, दिसायला जुनाट आहे आणि mf6 ची (म्हणजे मॉडफ्लो ६ च्या प्रोग्रामची) फाइल कुठे ठेवली ते त्याला सांगावं लागतं. अंश-मिनिटांत नकाशा देऊ नका. चंद्रपूर-वणीसाठी यूटीएम (मीटरमधली नकाशापद्धत) झोन ४४, एकके मीटर आणि दिवस.

खाण दाखवायला मॉडफ्लोचं ड्रेन पॅकेज (निचरा दाखवणारा भाग) उत्तम. ड्रेनची उंची म्हणजे खाणीचा तळ, तो वर्षागणिक खाली न्यायचा. पातळी तळाखाली गेली की प्रवाह आपोआप थांबतो. वेल पॅकेजने पंप दाखवला, तर पाणी किती येतं हे मॉडेलला शोधायला लावण्याऐवजी आपणच ठरवून टाकतो. ड्रेनचा कंडक्टन्स (पाणी किती सहज आत येईल तो आकडा) वाढवत जा. आवक बदलेनाशी झाली की तिथे थांबा. कोरड्या पडणाऱ्या सेलसाठी (मॉडेलच्या जाळीतल्या चौकटींसाठी) न्यूटन हा गणिताचा पर्याय सुरूच ठेवा.

खरी गोची कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे मॉडेल प्रत्यक्ष मोजमापांशी जुळवताना. फक्त विहिरींच्या पातळ्या जुळवल्या, तर पारगम्यता आणि पुनर्भरण दोन्ही दुप्पट करूनही बऱ्याचदा तेच चित्र जुळतं. ही गाठ मोजलेल्या प्रवाहाने सुटते, म्हणून पंपांचं लॉगबुक हवंच, तेही फेब्रुवारी ते मे या महिन्यांचं. १ चौरस किलोमीटर खाणीत १०० मिमी पाऊस पडला की १ लाख घनमीटर पाणी थेट आभाळातून येतं. पावसाळ्यातला उपसा भूजल समजून भरला, तर पुढचे सगळे आकडे फुगतात.

दुसरी चूक सीमेची. खाणीपासून किलोमीटरभरावर स्थिर पातळीची सीमा आखली, तर मॉडेल तिथून हवं तेवढं पाणी ओढतं आणि विहिरी कागदावर सुखरूप राहतात. पाणी-ताळेबंदात या सीमेतून येणारा प्रवाह आधी बघा. वर्धा नदी असेल, तर तिला रिव्हर पॅकेज द्या.

मॉडेल दोनदा चालवा, एकदा खाणीसह आणि एकदा खाणीविना, शेतीचा उपसा मात्र दोन्हींत सारखा ठेवून. या दोन पातळ्यांमधला फरक तेवढा खाणीचा. शेजारी दुसरी खाण असेल, तर तीही धरावी लागते.

भूमिगत खाणीत छत खचून भेगा पडतात, त्यासाठी वेळेनुसार पारगम्यता बदलणारं टीव्हीके पॅकेज आहे; मात्र ते आकडे कुठून आणायचे, ते सॉफ्टवेअर सांगत नाही. भेगाळ बेसॉल्टमध्ये एकेका विहिरीच्या अंदाजावर फार विसंबू नका.

अहवाल सल्लागाराकडून करून घेत असाल, तर पीडीएफसोबत इनपुट फाइलीही मागून घ्या. परवान्याचा खर्च नसल्याने दुसरा जाणकार त्या लगेच चालवून बघू शकतो.